वर्ल्ड्स एंडच्या खाली कोण राहते?

श्रीलंकेला जाणाऱ्या आपल्या लोकांचा रस्ता ठरलेला असतो. अनुराधापूरचा बोधिवृक्ष, मिहिंतले, दंबुल्लाची लेणी, कँडीचे दंतधातू विहार आणि तिथून परत कोलंबो. या रस्त्याला माझा विरोध नाही. ज्या बेटावर महेंद्र आणि संघमित्रा धम्म घेऊन गेले, त्या बेटावर आपल्या आयाबाया पांढरी साडी नेसून, पैसा पैसा जमवून जातात, बोधिवृक्षासमोर डोळे पुसतात, याचे मोल मला कळते. ज्यांच्या आज्याला गावच्या देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांची नात विमानात बसून बुद्धाच्या देशात जाते, ही साधी गोष्ट नाही. पण या रस्त्यावरून परतणारा प्रत्येक जण एकच वाक्य सोबत आणतो : "बघा, तो खरा बौद्ध देश!" हे वाक्य आपण तपासून घेतले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते तपासण्याची जागा मला कुठल्याही विहारात सापडली नाही. ती धुक्यात बुडालेल्या एका जंगलात सापडली.

या जंगलाचे नाव हॉर्टन प्लेन्स. श्रीलंकेच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावरचे हे पठार. सिंहली लोक त्याला महाएलिया म्हणत. १८३० च्या दशकात इंग्रज आले, बघून गेले आणि तेव्हाचा गव्हर्नर रॉबर्ट विल्मट-हॉर्टन याचे नाव पठाराला चिकटवून गेले. १९८८ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये युनेस्कोने या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशाला जागतिक वारसा ठरवले. आमच्या गटातल्या बहुतेकांनी त्या दिवशी नुवारा एलियात आराम करायचे ठरवले. "जंगलात काय बघायचे?" हा त्यांचा प्रश्न. मी आणि नांदेडची कायदा शिकणारी एक मुलगी, असे दोघेच निघालो. पहाटे पाचला एक व्हॅन ठरवली. चालक तिशीतला तमिळ तरुण. मी त्याला "अण्णा" म्हटले, तो हसला. हा शब्द त्याच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही.

फाटकावर सामान तपासतात. प्लास्टिकच्या पिशव्या काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवरचे वेष्टनसुद्धा सोलून ठेवतात. मला ही शिस्त आवडली. तिथून साधारण नऊ किलोमीटरची वाट आहे, फिरून पुन्हा त्याच ठिकाणी येणारी. आधी उघडे गवताळ माळ लागते, तिथे सांबरे निवांत चरत असतात. मग जंगल सुरू होते आणि उजेड एकदम कमी होतो. झाडे उंच नाहीत. वारा आणि थंडी सोसून ती बुटकी, वाकडी, गाठीगाठींची झाली आहेत आणि त्यांच्या माथ्याचे छत्र सपाट झाले आहे. खोडावर बोटभर जाडीचे शेवाळ. फांद्यांना लोंबणारे दगडफूल, आपल्या काळ्या मसाल्यात पडते त्याच्याच जातकुळीतले. पाऊस नव्हता, तरी सगळे जंगल ठिबकत होते.

हे ठिबकणे समजून घेण्यासारखे आहे. वारा ढग डोंगरावर लोटतो, ढग झाडांमधून गाळून निघतो, पानांवर आणि शेवाळावर त्याचे थेंब जमतात आणि जमिनीत मुरतात. म्हणजे पाऊस नसतानाही हे जंगल हवेतून पाणी काढत असते. महावेली, केलानी आणि वलवे या तिन्ही मोठ्या नद्यांना याच पठारावरून पाणी जाते. आपल्या पश्चिम घाटाचे आणि या जंगलाचे नातेही जुने आहे. जगातले शास्त्रज्ञ सह्याद्री आणि श्रीलंका यांना जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात. निलगिरीवर फुलणाऱ्या लाल ऱ्होडोडेंड्रॉनचे भाऊबंद इथे फुलतात. माणसांनी देश केले, सरहद्दी आखल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून ही झाडे एकमेकांची नातेवाईक आहेत.

इथपर्यंत मी कुठल्याही प्रवासवर्णनात सापडेल तेच सांगितले. आता पुढचे.

वाटेच्या मध्यावर डोंगर एकदम तुटतो. खाली आठशे मीटरहून खोल कडा. या जागेला इंग्रजांनी नाव दिले वर्ल्ड्स एंड, म्हणजे जगाचा शेवट. सकाळी नऊ-दहानंतर इथे धुके भरते आणि काही दिसत नाही, म्हणून सगळे पहाटे धावतात. आम्ही आठच्या सुमारास पोहोचलो. पाच-दहा मिनिटे धुके बाजूला झाले. लोकांनी मोबाइल वर केले. खाली हिरवा गालिचा दिसत होता आणि त्या हिरव्यात मध्येमध्ये पत्र्याच्या छपरांच्या लांबच लांब ओळी. नांदेडच्या मुलीने विचारले, "दादा, त्या कसल्या बराकी?"

त्या बराकी नव्हत्या. ती चहामळ्यातल्या मजुरांची घरे. तमिळमध्ये त्यांना लयम म्हणतात. एका ओळीत जोडलेल्या खोल्या, एका कुटुंबाला साधारण दहा बाय बारा फुटांची एक. चाळीतली खोली आपल्याला नवी नाही. पण कापड गिरणीचा मजूर संध्याकाळी गिरणीबाहेर तरी पडत असे. इथे घर मालकाचे, रस्ता मालकाचा, दवाखाना मालकाचा. म्हणजे इंग्रज साहेबाचे जग जिथे संपले, नेमके तिथून आपल्या लोकांचे जग सुरू होत होते. मी "आपल्या" म्हणतो, त्याला कारण आहे.

१८४० मध्ये इंग्रजांनी कायदा केला की ज्या जंगल-पडीक जमिनीचा कागद नाही ती सरकारची. मग ती जमीन मळेवाल्यांना विकली. आधी कॉफी लावली. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि ती बसली, तेव्हा चहा आला. जंगल तोडायला, रस्ते करायला, रोपे लावायला माणसे हवी होती. ती तमिळ मुलखातून आणली. त्यात फार मोठी संख्या पळ्ळर, परैयर, चक्किलियर या अस्पृश्य ठरवलेल्या जातींची. दुष्काळ, कर्ज आणि जात या तिन्हींच्या कचाट्यातून सुटायला ती निघाली. त्यांना आणणारा माणूस म्हणजे कंगाणी. तो गावात येऊन उचल देई, टोळी जमवी, मळ्यावर तोच हजेरी घेई, तोच पगारातून कर्ज कापी आणि बहुधा तो वरच्या जातीतला असे. बीड-धारूरच्या वाचकांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीचा मुकादम आणि उचल तुम्ही पाहिली आहे. नाव बदलले, बेट बदलले, हिशेबाची वही तीच राहिली.

मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून ही माणसे जंगलातून चालत मातलेपर्यंत आली. वाटेत पटकी, हिवताप आणि उपासमारीने किती मेली याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. २०२३ मध्ये या स्थलांतराला दोनशे वर्षे झाली, तेव्हा त्यांच्या वारसांनी तलैमन्नार ते मातले हीच वाट पुन्हा चालून काढली. ते स्वतःला आता मलैयह तमिळ म्हणवतात, डोंगरातले तमिळ. दुसऱ्याने दिलेले "इंडियन कुली" हे नाव झटकून त्यांनी स्वतःचे नाव घेतले. नाव स्वतः घेणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता जंगलाकडे परत या. हे जंगल वाचले कसे? १८७३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी सल्ला दिला की पाच हजार फुटांच्या वरचे जंगल तोडू नये, आणि सरकारने तो मानला. चांगलेच झाले. पण त्याचा दुसरा अर्थही बघा. वरचे जंगल राहिले तर खालच्या मळ्यांना पाणी राहील. ज्या सरकारने वरच्या झाडांना संरक्षण दिले, त्याच सरकारने खालचे डोंगर उघडे केले आणि त्यावर माणसे जुंपली. वर धुके झाडांतून गळते, त्याचे पाणी खाली मळ्यात जाते आणि मळ्यातला घाम परदेशात नफा होऊन जातो. पर्यावरणाच्या नावाने बोलणाऱ्या आपल्या मित्रांना मला एवढेच विचारायचे आहे : पठारावरच्या सांबरांची माहिती फलकावर मिळते, शेवाळाची मिळते, पण त्या पाण्यावर राबणाऱ्या माणसाची माहिती कुठल्या फलकावर आहे? मी वाचलेल्या एकाही फलकावर ती नव्हती. झाड आणि माणूस यांत मी झाडाविरुद्ध उभा नाही. पण ज्या निसर्गप्रेमाला झाडाखालचा मजूर दिसत नाही, ते प्रेम अर्धे आहे.

परतीच्या वाटेवर बेकर्स फॉल हा धबधबा लागतो. सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याच्या नावाचा. या पठारावर एकेकाळी हत्ती होते, आज एकही नाही. हत्ती गेले, शिकाऱ्याचे नाव धबधब्यावर राहिले. वाटेच्या कडेला पिवळी फुले असलेले एक काटेरी झुडूप पसरले आहे, तेही युरोपातून आणलेले. आता ते काढून टाकण्यासाठी उद्यानाला झगडावे लागते. राज्य गेले तरी त्याने पेरलेले उपटायला शंभर वर्षे पुरत नाहीत.

आणि हे फक्त इंग्रजांबद्दल नाही. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी श्रीलंका स्वतंत्र झाली. त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. नागरिक व्हायचे तर बाप किंवा आजा-पणजा याच बेटावर जन्मल्याचा पुरावा द्या. ज्यांच्या जन्माची नोंद मळ्याच्या हजेरीपटापलीकडे कुठे झाली नव्हती, त्यांनी पुरावा कुठून आणायचा? १९४७ च्या निवडणुकीत ज्यांनी मतदान करून आपले प्रतिनिधी निवडून दिले होते, त्या सुमारे सात लाख माणसांचा पुढच्या वर्ष-दीड वर्षात देशही गेला आणि मतही गेले. तमिळ नेतेही या प्रश्नावर एक राहिले नाहीत. चेल्वनायकम विरोधात उभे राहिले आणि १९४९ मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला, तर दुसरे काही सरकारात बसले. १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी करार केला : ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख श्रीलंकेने, उरलेल्या दीड लाखांचे नंतर बघू. १९७४ मध्ये त्या दीड लाखांचेही निम्मे-निम्मे वाटप झाले. माणसांना विचारले कोणी? पोती मोजावीत तशी माणसे मोजली.

हे मी अण्णाला विचारले, तेव्हा तो गाडी चालवता चालवता शांतपणे म्हणाला, "माझ्या आजीला सिलोनचा कागद मिळाला, तिच्या सख्ख्या भावाला इंडियाचा. तो बोटीने रामेश्वरमला गेला, तिथून निलगिरीला. तिकडेही चहाच तोडत होता. दोघांची पुन्हा भेट झाली नाही." निलगिरीत परतलेल्यांसाठी तमिळनाडू सरकारने चहाचे मळे उभारले हे मला वाचून माहीत होते. बहीण-भावाची ती गोष्ट पुस्तकात नव्हती. राहिलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये आला. १९४८ ते २००३. पंचावन्न वर्षे. आज आपल्या देशात कागदावरून नागरिकत्व ठरवण्याची भाषा चालते, तेव्हा ही पंचावन्न वर्षे डोळ्यांसमोर ठेवा. कागद नसलेला माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कोणी कागद येऊ दिला नाही.

मुलीने मला त्याच गाडीत विचारले, "दादा, हे सगळे बौद्ध राष्ट्रात झाले. मग आपण अभिमान कशाचा बाळगायचा?"

या प्रश्नाला बगल देऊ नये. आपले विरोधक हाच प्रश्न वेगळ्या हेतूने विचारतात. "बघा, बौद्धांतही जात आहे, मग धर्मांतराने काय मिळाले?" आणि आपले काही लोक या भीतीने श्रीलंकेतले वास्तव झाकतात. दोन्ही चूक. वास्तव असे आहे की तिथे संघातही जात शिरली. १७५३ मध्ये सयामहून भिक्षू बोलावून उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली, ती चांगली गोष्ट. पण त्या सियाम निकायाची उपसंपदा लवकरच गोविगम या जमीनदार जातीपुरती बंदिस्त झाली. मग इतर जातींतल्या लोकांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि १८०३ च्या सुमारास अमरपुर निकाय उभा राहिला. म्हणजे बुद्धाच्या चीवरात जात शिवली गेली, तेव्हा त्याविरुद्ध बंडही बौद्धांनीच केले. ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगितली पाहिजेत.

आणि बाबासाहेबांना हे माहीत नव्हते, असे कोणी समजू नये. १९५० च्या मे महिन्यात ते माईसाहेबांसह श्रीलंकेला गेले. कँडीला जागतिक बौद्ध परिषद होती. ते तेव्हा भारताचे कायदामंत्री होते. परिषदेचे प्रतिनिधी म्हणून मिरवण्यापेक्षा हा धर्म तिथे कितपत जिवंत आहे हे पाहायला आपण आलो, अशी त्यांची भूमिका होती. कोलंबोत त्यांनी भारतातील बौद्ध धर्माचा उदय आणि ऱ्हास या विषयावर व्याख्यान दिले आणि तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहनही केले. ज्या देशाला जग बौद्ध देश म्हणून ओळखत होते, त्या देशात त्यांना अस्पृश्यांची सभा घ्यावी लागली, यातच सगळे आले. ते भारावून गेलेले यात्रेकरू नव्हते. ते परीक्षक होते.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात कुठल्या देशाचा बौद्ध धर्म उचलून आपल्या हाती दिला नाही. त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि त्यांत समतेची प्रतिज्ञा दिली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहून धम्माची कसोटी सांगितली : माणसाने माणसाशी कसे वागावे. या कसोटीवर विहारांची उंची मोजत नाहीत. तिथे लयममधली खोली मोजतात, मजुरीचा दर मोजतात. चहामळ्यातल्या बाईला दिवसाला हजार श्रीलंकन रुपये मिळावेत म्हणून वर्षानुवर्षे लढावे लागले आणि तो दर २०२१ मध्ये पदरात पडला. या कसोटीवर श्रीलंका नापास होत असेल तर तसे म्हणायला आपल्याला संकोच नको. आपणही त्याच कसोटीवर उभे आहोत. आपल्या वस्तीत पोटजात बघून सोयरीक जुळत असेल, तर आपला निकाल काही वेगळा लागणार नाही.

"ते तर हिंदू तमिळ, त्यांचे आपल्याला काय?" असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने संध्याकाळी जेवताना म्हटले. मी त्यांना एवढेच म्हणालो की काका, परैयर आणि महार यांच्या पाठीवरचे वळ वेगळ्या भाषेतले नाहीत. माणूस कुठल्या देवाला हात जोडतो यावरून आपण त्याच्या बाजूने उभे राहायचे की नाही हे ठरवू लागलो, तर मग आपण ज्यांच्याविरुद्ध लढतो त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? काकांनी त्यावर उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी अण्णाला जवळ बसवून घेतले आणि दुभाषा शोधून तासभर बोलत राहिले.

तेव्हा जे तरुण पुढच्या वर्षी धम्मसहल काढणार आहेत, त्यांना माझी सूचना आहे. अनुराधापूरला जा, कँडीला जा, माथा टेकवा. त्यात एक दिवस डोंगरासाठी ठेवा. त्या धुक्याच्या जंगलात चाला, ते शेवाळ, ती ठिबकणारी झाडे बघा, कारण हे पाहण्याचा हक्कही आपल्याला सहज मिळालेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जंगल पाहिले ते मोळी डोक्यावर घेऊन. पण नुसता फोटो काढून फिरू नका. मळ्यातल्या वस्तीत जा, तिथल्या कामगार संघटनेला आधी विचारून जा, तमिळ जाणणारा एखादा साथी सोबत घ्या, त्यांना बाबासाहेबांबद्दल सांगा आणि त्यांच्या लढ्याबद्दल ऐका. दहा दिवसांच्या सहलीत एक दिवस. खर्च फार वाढणार नाही. आणि परत आल्यावर "बघा, तो खरा बौद्ध देश" असे म्हणण्याऐवजी "तिथे अजून किती काम बाकी आहे" असे म्हणता आले, तर सहल सार्थकी लागली.

जय भीम.